ओळख जुळत नाही

पुण्याच्या वसतिगृहात पहिल्याच दुपारी माझी फजिती झाली. समोरच्या मुलीनं विचारलं, "जेवलीस का?" मी म्हणाले, "मी जेवलो." त्या टेबलावरच्या तिघी इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. "जेवलो? तू काय मुलगा आहेस का?"

आमच्या कोल्हापुरात बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. आई म्हणायची, "मी बाजारला जाऊन येतो." आत्या म्हणायची, "मी कवाच उठलो." आमच्या गल्लीतली कुठलीही बाई "मी आलो" म्हणते, तेव्हा तिला पुरुष व्हायचं नसतं आणि ऐकणाऱ्यालाही तसं काही वाटत नाही. पण पुण्यात वाटतं. महिन्याभरात मी "जेवले, आले, जाते" असं लखलखीत बोलायला लागले. कुणी छडी घेऊन मागं लागलं नव्हतं. माझं मीच केलं, आणि वर त्याचा अभिमानही बाळगला. सुट्टीत घरी आल्यावर आईला म्हणाले, "आई, येतो काय गं, येते म्हण." आई म्हणाली, "शिकलीस व्हय," आणि भाकरी थापत राहिली.

त्याच वर्षी इंग्रजीच्या अभ्यासात भविष्यातल्या वाईट जगांच्या कादंबऱ्या होत्या. मी तोवर कौटुंबिक गोष्टी वाचणारी मुलगी. ह्या पुस्तकांनी मला धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही. कुठे भिंतींना कान, कुठे सुखाची गोळी, कुठे पुस्तकांना काडी. रद्दीच्या दुकानांतून मी ती शोधत फिरले, भाषांतरं जमवली, काही तीन-तीनदा वाचली. नवरा त्या कपाटाला 'भीतीचं कपाट' म्हणतो. पाहुणे आले की पुस्तकं पाहून विचारतात, एवढं वाईटसाईट कशाला वाचता? मी म्हणते, दृष्ट लागू नये म्हणून.

खरं सांगायचं तर त्या लेखकांना मला हात जोडावेसे वाटतात. त्यांच्या खिशात मोबाइल नव्हता, त्यांनी आपल्यासारखी ढीगभर ॲपं पाहिली नव्हती. तरी त्यांना कळलं होतं की माणसाला धाकानं बांधण्यापेक्षा खूश ठेवून बांधणं स्वस्त पडतं. लोकांना वाटतं ती पुस्तकं यंत्रांच्या विरोधात आहेत. मला तसं कधी वाटलं नाही. माणसाला मापात बसवणं यंत्राला सोपं जावं म्हणून त्यानं आपले कोपरे किती कापून घ्यायचे, एवढंच ती विचारतात. आणि वाचताना मी दरवेळी ज्याच्यावर संकट येतं त्याच्या बाजूनं असायचे. तसं कोण नसतं?

आता मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि शिरोली एमआयडीसीत शेतीपंप बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करते. खाली शेडमध्ये मोटारी जुळतात, वर आमची मदतवाहिनी. शेतकऱ्यांचे फोन येतात, आठ बायका ते घेतात आणि मी त्या आठजणींवर देखरेख ठेवते. कानाला हेडफोन लावून त्यांचे कॉल ऐकायचे, चुका काढायच्या. हे वाक्य लिहिताना मला आता हसू येतं. इतकी वर्षं ती पुस्तकं वाचूनही, त्यात ऐकत बसणारा एक माणूस असतो आणि तो मीच आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मागच्या वर्षी ऑफिसात एक नवीन प्रणाली आली. ती प्रत्येक कॉल स्वतः ऐकते, त्याचं टिपण करते आणि ग्राहक किती आनंदी झाला याचे 'आनंदगुण' देते. हिरवा चेहरा म्हणजे आनंद, लाल म्हणजे दुःख. सलग तीन महिने लाल आला तर त्या बाईचा करार पुढे वाढवायचा नाही, असा नियम झाला. मी ह्या प्रणालीला नावं ठेवणार नाही. आधी तक्रारी वहीत लिहिल्या जायच्या आणि वहीतच मरायच्या. आता एकही हरवत नाही. पहिले दोन महिने मी तिच्यावर खूश होते. मला नीटनेटकं आवडतं.

अडचण मावशींची झाली. मावशी मुरगूडच्या बाजूच्या, शेतकरी घरातल्या, वय छप्पन्न, आठजणींत सगळ्यात जुन्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांचा एक नियम होता, फोन आपण आधी ठेवायचा नाही. समोरच्यानं ठेवला की मगच. "शेवटचा फोन तेवढा मीच ठिवणार, कुणी कापायचा न्हाई," असं त्या निवृत्तीबद्दल म्हणायच्या. बाकीच्या मुली लिहून दिल्याप्रमाणं "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" म्हणतात. मावशी म्हणतात, "बोला पावणं, कुठनं बोलालायसा?"

त्यांचा एक कॉल मला पाठ आहे. कागलकडचा एक शेतकरी, आमचा नेहमीचा. फोन लागताच त्यानं तोंड सोडलं, "तुमची मोटार हाय का खेळणं? पानी उचलंना."

"वरडू नगासा पावणं, मलाबी वरडाय येतंय. मोटार फिरतीया का?"

"फिरतीया की. पर पानी घोटभर."

"काल लाइटवाला खांबावर चढलता का?"

त्याचा आवाज उतरला. मग म्हणाला, "तुमास्नी कसं कळलं?"

"उलटी फिरालीया ती. तारा बदलल्यात त्यानं. आता फ्यूज काडा. काडला? हातात न्हाई, खिशात घाला. आता स्टार्टरमधल्या दोन तारांची अदलाबदल करा. दमानं करा, मी हितंच हाय."

अकरा मिनिटं मावशी फोन धरून बसल्या. मधूनमधून विचारत होत्या, ऊस किती वाढला, बैल आहेत का विकले, पोरीचं बाळंतपण झालं का. मग पाण्याचा आवाज आला, हेडफोनमध्ये मलाही आला. शेतकरी हसत म्हणाला, "आलं मावशी." मावशी म्हणाल्या, "आलं न्हवं? मुडदा बशिवला तुमच्या मोटारीचा, माझा चा गार झाला की." दोघं पोट धरून हसले. पुढची दोन मिनिटं ठेवू का, ठिवा की, बरं मग ठिवतो, आं ठिवा, यात गेली.

प्रणालीनं लाल चेहरा दिला. वेळ जादा. ग्राहकाचा आवाज चढलेला. 'मुडदा' या शब्दापुढे तिनं लिहिलं होतं: जिवे मारण्याची धमकी. दुसऱ्या एका कॉलमध्ये विहिरीतल्या पाइपच्या तळाशी असतो त्या झडपेचा विषय होता. आमच्याकडचा शेतकरी तिला फुटबॉल म्हणतो, कारण त्याच्या कानाला 'फूट व्हॉल्व्ह' तसंच ऐकू येतं. प्रणालीनं नोंद केली: कामाच्या वेळेत खेळाच्या गप्पा. फुटबॉलवेडं कोल्हापूर असल्यामुळे तिलाही फार दोष देता येत नाही.

ही गंमत मी जेवणाच्या सुट्टीत मावशींना सांगितली. आम्ही जिन्यात बसून डबा खायचो. बोलता बोलता मी त्यांना माझ्या भीतीच्या कपाटातली एक गोष्ट सांगायला लागले. गोष्ट एकच अशी नव्हती, चार-पाच पुस्तकांची मिसळ होती. एक शहर असतं, तिथं सगळे सुखी असतात, कुणाला दुःख झालंच तर लगेच औषध मिळतं, सगळ्यांवर नजर असते, आणि एका माणसाला हे सहन होत नाही.

मावशींनी खर्डा भाकरीला लावत विचारलं, "समदी सुखी?"

"सगळे."

"मग रडाय कुठं जात्यात ती?"

मी एम.ए.ला ह्या विषयावर वीस पानांचा निबंध लिहिला होता. त्यात हा प्रश्न नव्हता. मी म्हणाले, रडायची जागाच नाही, म्हणून तर तो माणूस बंड करतो आणि शेवटी पकडला जातो.

"एकटाच हुता व्हय त्यो?"

"हो."

"एकट्यानं काय हुतंय? भावकी न्हवती त्याला? गल्लीत तालीम मंडळ तरी असंल की."

मला इतकं हसू आलं की डबा हातातून निसटला. पण घरी जाताना बसमध्ये विचार केला तर बाई खरं बोलली होती. त्या साऱ्या कादंबऱ्यांतला माणूस एकटा असतो. शेजारी असतात, पण ते नीटनेटके असतात. आपलं काही बिघडू नये म्हणून मान खाली घालून नियम पाळतात. त्या पुस्तकांतली खरी भीती त्या शेजाऱ्यांची आहे, हे मला मावशींनी जिन्यात बसून शिकवलं. एवढी मोठी समीक्षक मला दुसरी भेटलेली नाही.

दिवाळीनंतर प्रणालीची सुधारलेली आवृत्ती आली. तिच्यात एक नवी सोय होती. एकीच्या नावावर दुसरंच कुणी बसून फोन घेत नाही ना, हे ती बोलण्यावरून तपासायची. पहिल्याच आठवड्यात मावशींच्या नावापुढे ओळ आली: आवाज स्त्रीचा. स्वतःचा उल्लेख पुरुषाचा. ओळख जुळत नाही.

मला क्षणात कळलं. "मी सांगतो तसं करा." "मी हितंच हाय, कुठं जातोय." दिवसाकाठी शंभरदा त्या असं बोलत होत्या, आणि प्रणालीच्या हिशेबी मावशींच्या खुर्चीत कुणी बाप्या बसला होता. हा लाल चेहऱ्यापेक्षा मोठा गुन्हा होता. तोतयेगिरीची शंका असेल तर तीन महिने थांबायचं नाही, आठवड्यात खातं बंद, म्हणजे काम बंद. आमच्या विभागाच्या साहेबांनी माझ्याकडे मावशींचे चाळीस कॉल पाठवले आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं, ऐका आणि सही करून कळवा, हीच बाई आहे की नाही. चिठ्ठीच्या खाली त्यांनी लिहिलं होतं, 'किंवा बोलणं सुधारून घ्या म्हणजे विषय संपला.'

मी सोपा रस्ता धरला. हे लिहिताना लाज वाटते, पण धरला. मावशींना बाजूला घेऊन म्हणाले, "तेवढं येते, करते म्हणा ना. बाकी काही बदलू नका."

"पुण्यावाणी?"

"हो. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे."

त्यांनी खांद्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "बरं. तुझ्यासाठी करतो." लगेच जीभ चावून म्हणाल्या, "करते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मी लिहून दिलेला कागद समोर चिकटवला होता. ठळक अक्षरांत चार शब्द: येते, करते, सांगते, ठेवते. मी हेडफोन लावून ऐकत होते. मावशी प्रत्येक वाक्याआधी थांबत होत्या. अंधारात पायरी चाचपावी तसं. "मी आपल्याला... सांगते." थट्टा गेली, ओरडणं गेलं, बैल आणि बाळंतपणं गेली. चुकू नये म्हणून माणूस कमी बोलतो, हे मला वसतिगृहातल्या त्या पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. पडद्यावर एकामागून एक हिरवे चेहरे उमटत होते.

दुपारी कागलच्या शेतकऱ्याचा फोन आला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"मावशी हायत का?"

"मी... मीच बोलते आहे."

"न्हाई वो ताई, तुमी न्हवं. आमच्या मावशीस्नी द्या."

मावशींनी समोरच्या कागदाकडे पाहिलं. त्यानं काळजीनं विचारलं, "आज आल्या न्हाईत व्हय? बऱ्या हायत न्हवं त्या?"

"बऱ्या हायत," मावशी म्हणाल्या. "उद्या लावा." आणि त्यांनी फोन ठेवला. समोरच्याच्या आधी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

प्रणालीनं त्या कॉलला पैकीच्या पैकी आनंदगुण दिले. खाली ओळ होती: ओळख जुळली.

मी जिन्यात गेले तेव्हा मावशी डबा न उघडता बसल्या होत्या. मला वाटलं, हसतील. त्या म्हणाल्या, "त्यो मलाच म्हनला, मावशीस्नी द्या. आता मी काय सांगणार त्याला?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला कसं जमलं गं पोरी, एवढी वर्सं?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरंच विचारत होत्या. मी उठून नळाखाली तोंड धुतलं. मी स्वतःला कायम त्या एकट्या पडलेल्या माणसाच्या बाजूची समजत आले होते. आणि इथं एका बाईच्या हातात कागद देऊन तिला तिच्याच फोनवरून घालवून दिलं होतं. तेही प्रेमानं, तिच्या भल्यासाठी.

वर येऊन मी मावशींच्या समोरचा कागद काढला. मागोमाग आलेल्या मावशींनी विचारलं, "आणि साहेब?" मी म्हणाले, "बघू की." तो कोल्हापुरी 'की' बाहेर पडला तेव्हाच त्यांनी मान वर केली.

बैठक दुसऱ्या दिवशी होती. साहेब समोर, आणि पडद्यावर प्रणाली बनवणाऱ्यांकडची एक हुशार, हसरी मुलगी. मी चाळीसच्या चाळीस कॉल ऐकले होते. काही दोनदा, कारण मजा येत होती. त्यात एक आजोबा मोटारीचं विचारता विचारता वारलेल्या बायकोबद्दल बोलले होते आणि मावशी नुसतं "हं, हं" करत ऐकत होत्या. तो कॉलही लाल होता. रडाय कुठं जात्यात, याचं उत्तर शिरोलीत आमच्या मजल्यावरच होतं आणि आम्ही त्याला शून्य गुण दिले होते.

पडद्यावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, कॉलवरची व्यक्ती आणि खातेदार एकच आहेत का? आमच्या प्रणालीला तसं वाटत नाही."

माझ्याकडे तयार उत्तर होतं. शुद्ध, मुद्देसूद, बोलीभाषेची वैशिष्ट्यं वगैरे. तोंड उघडलं आणि ते आठवेना. आठवलं ते आईचं भाकरी थापणं.

"मी समदं ऐकलोय," मी म्हणाले. "मावशीच हायत त्या. मी सही करतो."

साहेब मूळचे आमच्याच जिल्ह्यातले, गडहिंग्लजकडचे. त्यांनी कागदातून डोकं वर काढलं. मुलगी गोंधळली. "मॅडम, सही करते, ना?"

"न्हाई. करतो. आमच्याकडं बायका असंच बोलत्यात. माझी आई बोलायची. यांची आईबी बोलत असंल, इचारा त्यास्नी." मी साहेबांकडे हात केला. "मावशीला शिकवायचं न्हाई. तुमच्या मशिनीला शिकवा, ती नवीन हाय."

साहेबांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. मग पडद्याला म्हणाले, "माझी आई अजून म्हणते, मी जेवलो." आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

ती मुलगी चांगली निघाली. तिनं पाच-सहा प्रश्न विचारले, सगळं लिहून घेतलं, फुटबॉलचंही लिहून घेतलं आणि त्यावर मनापासून हसली. मावशींचं खातं चालू राहिलं. लाल चेहऱ्यांचा निकाल प्रणालीवर न सोडता साहेब स्वतः कॉल ऐकून लावतील, असं ठरलं. ते ऐकायला लागल्यापासून त्यांच्या केबिनमधून अधूनमधून हसू येतं. प्रणालीत दुरुस्ती व्हायला मात्र अजून वेळ आहे.

बैठकही तिच्या नियमानं नोंदली गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक उघडला तर माझ्या नावापुढे लाल ओळ होती: ओळख जुळत नाही. मी ती पुसायचा अर्ज केला नाही.

लिहिताना अजून 'गेले, आले'च येतं. बोटांना सवय झाली आहे. तोंडालाही लगेच जमत नाही, मध्येच अडखळतं. पण त्या संध्याकाळी पिशवी खांद्याला लावून निघाले तेव्हा मावशी फोनवर होत्या, कुणाची तरी मोटार चालू होईपर्यंत धरून बसलेल्या. कागलवालाच असावा. मी दारातून म्हणाले, "मावशी, येतो."

पलीकडून त्यानं विचारलं असणार, कोण हाय म्हणून. मावशींनी माझ्याकडे बघत हात हलवला आणि फोनमध्ये म्हणाल्या, "परकं कुणी न्हाई पावणं. आमचीच हाय."